दुसऱ्या नंबरचा पलंग

लालबागच्या चाळीतल्या खोलीत, घरातल्या एकुलत्या एका पलंगावर ऐसपैस बसून नाना नातीला चारशे वर्षांपूर्वीच्या एका इंग्रज नाटककाराच्या गमती सांगत होते. "अगं नूपुर, इंग्रजीत शेकडो नवे शब्द आणले पठ्ठ्यानं. आणि मृत्युपत्रात बायकोच्या नावावर काय ठेवलं, ठाऊक आहे? घरातला चांगला सोडून दुसऱ्या नंबरचा पलंग." नाना पोट धरून हसले.

दुपारच्या झोपेसाठी खाली चटई अंथरता अंथरता नानांच्या पत्नी सुंदराबाईंनी विचारलं, "म्हणजे तिला पलंग होता?"

थोड्या वेळानं सुंदराबाई पलंगावर घोरत होत्या. खाली चटईवर कूस बदलणाऱ्या नानांना नूपुर म्हणाली, "नाना, अजून सांगा ना."

जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवलेल्या नानांनी चादर डोक्यावरून ओढून घेतली.