मूठभर भात

राजूरच्या कोळसा खाणीत कामाला असलेल्या भीमराजने नागपूरहून वाफेचा कुकर आणला. खाली निखारे, वर तीन डबे. धूर नाही, करपणं नाही. पण रोज कुकर उघडला, की भातातला मूठभर भात नाहीसा.

"आमच्या आधी तूच खाऊन राह्यली!" भीमराजची आई सून तुळसाबाईवर खेकसली.

तुळसाबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. "मले चोर म्हणता? मग आज समोरच बसा!"

सासूदेखत तिने तांदूळ धुतले, डबे लावले, झाकणाला कडी घातली. भर दुपारी दोघी कुकरसमोर ठाण मांडून बसल्या.

वाफ धरली. तेवढ्यात आत कोणीतरी सावकाश चावू लागलं.

सासूचा चेहरा पांढरा पडला.

"आता बोला ना!" तुळसाबाई कडाडली. "कोण खाऊन राह्यलं?"

आतलं चावणं थांबलं. मग झाकण आतून हळूच वाजलं.