पहिलं पीठ माशांचं

"वीस वर्षं बंद पडलेली ही पाणचक्की आज चालली नाही, तर उद्या तिचे दगड बंधाऱ्याला!" पायरीवर बसत सरपंच म्हणाले.

चक्कीवाल्या गेनूतात्यांचे हात आता थरथरतात, म्हणून दगडाला टाकी मी लावली होती. मी, नववी ब! आठ दिवस छिन्नीनं एकेक खाच जागी केली. "आधी गप बस, मग दगड बोलतो," तात्या म्हणायचे. गप बसणं! आणि मला!

तात्यांनी फळी उचलली. ओढ्याचं पाणी चाकावर उतरलं आणि दगडी कमान, कोनाडे, माझे दातसुद्धा गुणगुणायला लागले. कवडशात ज्वारीचं पीठ धुक्यासारखं तरंगलं.

सरपंचांनी चिमूटभर चाखलं. "कचकचतंय की!"

तात्या मात्र हसले. "कचकचणारच, ताज्या खाचांतली कच उतरते. टाकीनंतरचं पहिलं पीठ माशांचं. माणसांचं दुसरं."

मी ओंजळ पाण्यात सोडली. पांढरा ढग पसरला आणि बारीक मासे सुईदोऱ्यासारखे त्यातून आरपार फिरू लागले.

सरपंचांनी दुसरं पीठ जिभेवर ठेवलं, डोळे मिटले. चाक फिरत राहिलं. मी चक्क गप्प.

"थांबा," ते उठत म्हणाले, "घरून दळणाचा डबा आणतो."