न कापलेलं गवत

विहीणबाई गाडीतून उतरल्या आणि बॅग घ्यायच्या आधी त्यांनी अंगण बघितलं. गवत गुडघ्याला लागत होतं आणि हिरवंगार होतं.

"हेच का ते?" त्यांनी लेकीला विचारलं.

लेकीचा चेहराच पडला. या भागाला सगळे निळ्या गवताचा मुलुख म्हणतात. बसवर, दुकानांच्या पाट्यांवर, जिथे तिथे तेच. लग्नात तिच्या सासऱ्यांनीही मोठ्या तोऱ्यात तसंच सांगितलं होतं. तेव्हापासून विहीणबाई फोनवर विचारायच्या, काय गं, गाई दूध तरी पांढरं देतात ना? तिच्या सासरच्यांना माहेरी 'बाताडे' असं नावच पडलं होतं. ती हसण्यावारी न्यायची, पण मनाला लागायचं.

गवत निळं दिसतं ते तुरे आले आणि वाऱ्यावर झुकले की. पण तुरे येऊ देतो कोण? गल्लीत दर रविवारी गवत कापायची मशीनं घरघरायची, आणि सगळ्यात आधी सासऱ्यांचं. यंदा मात्र ते ऐन वेळी बिघडलं. मेकॅनिक सापडेना, सापडला तर पार्ट मिळेना. शेजारी कुंपणावरून त्यांच्या तब्येतीची चौकशी करू लागले. सासूबाईंनी तर रोज तोंडसुख घेतलं. घर आहे की रान, साप निघतील, येणारी विहीण काय म्हणेल.

"जरा वारा सुटू द्या, विहीणबाई. तोवर चहा घ्या," सासरे म्हणाले. त्यांचा स्वतःचा चहा मात्र हातातच गार होत होता.

सगळे पायरीवर बसले. इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्या. ऊन कललं. मग एकदाचा वारा आला, तुरे एका बाजूला झुकले आणि कुंपणापासून पायरीपर्यंत सगळं अंगण निळं झालं. नीळ घातलेल्या धुण्यासारखं, फिकं आणि स्वच्छ.

"अगं बाई," म्हणत विहीणबाई कप ठेवून अनवाणीच गवतात शिरल्या. दोन्ही हातांनी तुरे कुरवाळत पार कुंपणापर्यंत गेल्या. तिथून वळून म्हणाल्या, "आता गाई पण दाखवा बाई, तुमचा काही नेम नाही."

लेक इतकी हसली, की डोळ्यांत पाणी आलं. तिला इतका आनंद लग्नातही झाला नव्हता. सासऱ्यांनाही भरून आलं. त्यांनी रुमाल काढायला खिशात हात घातला, आणि रुमालाबरोबर काहीतरी पायरीवर खणकन पडलं.

मशीनचा स्पार्क प्लग.

सून बघतच राहिली. सासरे आभाळाकडे बघू लागले. सासूबाईंनी वाकून प्लग उचलला, बोटांनी पुसला आणि गुपचूप नवऱ्याच्या खिशात टाकला.

"किती वेळा सांगितलं, कपडे धुवायला टाकताना खिसे बघत जा," त्या म्हणाल्या. "दर वेळी मीच काढून परत ठेवायचा का?"