बोटाएवढी बॅटरी

भूकंपात अंधारात बॅटरी शोधता शोधता खाजाचं डोकं चौकटीवर आपटलं. तवाच त्यानं ठरवलं, बॅटरी अशी पाहिजे की कायम माणसाच्या खिशातच राहील. लातुरातल्या आपल्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात बसून त्यानं ती बोटाएवढी बनवली बी. उजेड असा की समोरचा डोळे चोळत बसावा. फकस्त ती खिशात आपोआप लागायची अन् सेल खायची. म्हणून खाजानं तिला लॉक बसवलं: आधी बूड उलटं फिरवायचं, मग टोपी दाबून धरायची, मग बटनाला दोनदा टिचकी मारायची.

समोरच्या डॉक्टरकीच्या क्लासच्या पोरांनी अशा बॅटऱ्या हातोहात नेल्या. संध्याकाळी लाईट गेली अन् सगळं हॉस्टेल त्याच्या दारात.

"खाजाचाचा, लागंना की ही!"

"अरे, तुम्ही उद्याचे डॉक्टर ना? एक बॅटरी लावता येईना?"

"सिलॅबसमध्ये न्हाई चाचा."

घरात बायकोलाबी लागंना. अमीरबी एका हातात बॅटरी अन् दुसऱ्या हातात मेणबत्ती घेऊन बाहेर आली. "अजी, तुमची बॅटरी लावायला आधी मेणबत्ती लावावी लागती!"

"लई सोपं हाय गं! जरा डोकं वापरा!" खाजा सगळ्यांवरच खेकसला.

दुसऱ्या दिवशी समोरच्या क्लासवाल्यानं पाटी लावली: 'खाजा बॅटरी पहिल्याच प्रयत्नात लावा! क्रॅश कोर्स. जागा थोड्याच.'



ॲडमिशनच्या रांगेत सगळ्यात पुढं अमीरबी उभी होती.