मायेचा बुलबुल

चेहरे कुमुदला कळत नसत, पक्षी कळत. म्हणून दिसलेला चेहरा ती पक्ष्याला लावून रंगवायची आणि त्याचा अर्थ वहिनीला विचारायची.

एके दिवशी तिने वहिनीचाच चेहरा बुलबुलाला लावला होता. वर गेलेली भुवई, बारीक डोळे, मुरडलेली चोच.

“वहिनी, हे काय?”

वहिनीने दादाकडे बघून हसू दाबलं. “ही माया, वन्सं. तुमच्याकडे सगळे असेच बघतात की.”

दादाने पेपर तोंडापुढे धरला.

कुमुद हरखली. असे बुलबुल तिने भिंतभर रंगवले.

पुढे आई अंथरुणाला खिळली. एकदा हात धरून म्हणाली, “कुमे, मी जाण्याआधी एकदा तरी माझ्याकडे मायेनं बघ गं.”

कुमुदने आरशासमोर बसून भुवई, डोळे, ओठ घोटून घेतले. मग आईसमोर बसून ती तसंच बघत राहिली, अगदी मनापासून.

आईने तोंड भिंतीकडे फिरवलं. ते पुन्हा वळलंच नाही.

कुमुदने पंखात चोच खुपसलेली चिमणी रंगवली आणि वहिनीपुढे धरली.

“समाधान, वन्सं,” वहिनी म्हणाली. या खेपेला तिला हसू आलं नाही.