एकदाच

"तुम्ही वाट चुकलात," ती फणकारली. "झऱ्याच्या उजवीकडून, असं कागदावर स्पष्ट लिहिलंय."

"मग तुम्हीच व्हा पुढे," म्हणत तो बाजूला सरकला.

ती पुढे झाली. परक्या देशात तीन दिवस हेच चाललं होतं. एका कागदामागे दोघं फरफटत होती. पहिल्या दिवशी काचवस्तूंचं संग्रहालय, दुसऱ्या दिवशी घंटाघर, आज चार तास जंगल चढून डोंगरमाथ्यावरचं देऊळ. तळाशी 'देवळातल्या वहीत लिहायचं' अशी आठवण. अक्षर नवऱ्याचं, टपोरं, कुठे खाडाखोड नाही. शाळेचे गणवेश शिवून तिच्या बोटांची चाळण झाली, पण तिच्यासाठी कधी कुणी असं काही आखलं नव्हतं.

गेल्या वर्षी ऑफिसच्या कामाची थाप मारून नवरा इथे फिरून गेला होता. त्याच्या कोटाचं अस्तर उसवलं, तेव्हा हा कागद तिच्या हाती आला.

"एकदाच चुकलो," नवऱ्याने हात जोडले होते. "माफ कर."

"त्या देवळात पोचले की सांगेन," ती म्हणाली होती.

एकदाच असेल, तर वहीत एकदाच सापडेल. मग गिळू सगळं. कीर्तनात बुवा सांगायचे, राग चपलांसारखा देवळाबाहेर काढून ठेवा आणि परत येताना तो चोरीला गेलेला असू दे म्हणून देवाला विनवा. ऐकताना ती खळखळून हसायची. आता खरंच तेच मागायचं होतं.

"दात आवळू नका, झिजतात," तो मागून म्हणाला. तो कवळ्या बनवायचा.

"झिजू देत. तुमच्याकडे नवे मिळतीलच की."

वळणावरच्या बाकावर एक मावशी पाय चोळत बसल्या होत्या. "अगं बाई, आपल्या भाषेतलं भांडण! ऐकून जीव भांड्यात पडला बघा. लग्नाला किती वर्षं झाली?"

"बावीस," ती म्हणाली.

"एकोणीस," तोही त्याच क्षणी म्हणाला.

मावशींना हसू आवरेना. "पुरुषांचं हे असंच! आमचे हे तर मुलं किती, तेसुद्धा मला विचारून सांगायचे. बरं, जवळ उभे राहा, फोटो काढते."

"नको!" दोघं एकदम म्हणाली.

"चला, एवढ्यावर तरी एकमत आहे."

तो ओशाळून शर्ट सारखा करू लागला. गळ्याजवळचं बटण भलत्याच रंगाच्या दोऱ्याने, वर ही मोठी गाठ मारून लावलेलं होतं. तिचे हात शिवशिवले. पण तिने मान फिरवली आणि झपझप चढू लागली.

देऊळ ठेंगणं, दगडी होतं. तिने बूट काढले. राग त्यांच्याशेजारी ठेवला, अगदी मनापासून. आत जाऊन डोकं टेकलं. देव परका वाटला नाही.

वही कोपऱ्यातल्या मेजावर होती, चांगली जाडजूड. तिने ती त्याच्यापुढे सरकवली, पानं त्याने उलटली. गेल्या वर्षीची कागदावरची तारीख सापडली. टपोऱ्या अक्षरात एकच ओळ होती, 'असंच सुखात ठेव.'

"एक झालं," ती पुटपुटली. "आता त्याआधीचं वर्ष बघा."

तीच तारीख. तेच टपोरं अक्षर. 'असंच सुखात ठेव.'

"आणखी मागे."

तिथेही तेच.

"एकदाच?" ती एवढ्या जोरात ओरडली, की पुजाऱ्याने दचकून ओठांवर बोट ठेवलं. "देवासमोर येऊन सुख मागायचं! तेही तीन-तीन वर्षं! आणि मी तिकडे मशीनवर मान मोडत बसले होते! मिळालं उत्तर. माफी नाही म्हणजे नाही. चला, बूट घालायचेत मला. आणि त्यांच्याशेजारी जे ठेवलंय ना, तेही परत घ्यायचंय."

तो जागचा हलला नाही. टपोऱ्या ओळीखाली दुसरी एक ओळ होती, बारीक, तिरकी. तिच्यावर त्याने बोट ठेवलं. मग एकेक वर्ष उलटत तिन्ही पानांवर ठेवलं.

"माझी बायकोही," तो म्हणाला, "एकदाच म्हणाली होती."