खोट्या राजाची खरी चांदी

हंगेरीत त्या वर्षी एकाच गादीवर दोन राजे बसले होते आणि दोघेही आपापल्या नावाची चांदीची नाणी पाडत होते. टोकाय गावात नदीकाठी खानावळ चालवणाऱ्या विधवा अपोलोनियाला वाचता येत नव्हतं. दोन्ही नाण्यांवर बाळाला कडेवर घेतलेली मारियामाता तीच. फरक काय तो कडेला कोरलेल्या नावाचा.

मग त्यातल्या एका राजाचा कप्तान गाश्पार फौज घेऊन आला आणि त्याने दवंडी पिटवली, "ज्याच्याकडे त्या खोट्या राजाचं नाणं सापडेल, त्याचं घरदार जप्त!" अपोलोनियाने घाबरून पाद्रीबाबांकडून एकूण एक नाणं वाचून घेतलं आणि तसली सगळी नदीत फेकली.

संध्याकाळी कप्तान तिच्याकडेच जेवायला आला. माशाचा रस्सा दोनदा मागून घेतला, तळघरातली जुनी दारू चाखली, अंगणात उभं राहून नदी न्याहाळली. "जागा झकास आहे हो काकू तुमची!" म्हणत त्याने तिच्या हातावर चांदीचं नाणं ठेवलं.

"अहो, राहू द्या साहेब! फौजेतली माणसं कधी पैसे देतात होय?"

"छे छे, फुकटचं आपल्याला पचत नाही."

इतका सज्जन कप्तान तिने जन्मात पाहिला नव्हता. छातीवर क्रुसाची खूण करून तिने ते नाणं एप्रनच्या खिशात जपून ठेवलं.


सकाळी झडतीला आलेल्या शिपायांनी घरातल्या कशालाही हात लावला नाही, थेट तिच्या एप्रनचा खिसा उलटा केला; आणि दुपारपर्यंत कप्तान गाश्पार खानावळीचा रीतसर मालक झाला.